आठ इंची आरसा घेऊन उल्हासनगरला

दुर्बिणीचा आरसा माणसाला नम्र करतो, असं थोर लोक सांगतात. विश्व केवढं आणि आपण केवढेसे, हे त्यात दिसतं म्हणे. आमच्या आरशाने मला नम्र केलं ही गोष्ट खरी आहे, पण त्या वेळी त्यात विश्व नव्हतं. माझं स्वतःचं नाक होतं, चांगलं वीतभर, आणि ते सोनेरी होतं.

मी फलटणला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवतो. दोन हजार चारच्या दिवाळीनंतर आम्ही दुर्बिणीचा आरसा घासायला घेतला. जाड काचेची आठ इंची चकती, तेवढीच दुसरी चकती, मध्ये कार्बोरंडमची, म्हणजे धार लावायच्या दगडाची, पूड आणि पाणी. एक चकती पिंपावर ठेवून दुसरी तिच्यावर घासत, पिंपाभोवती फिरत राहायचं. वरची काच हळूहळू खोलगट होते. मधल्या सुट्टीत चार-चार मुली पाळीने फिरायच्या. नववीत सुरुवात करणाऱ्या मुली दहावीत गेल्या तरी फिरतच होत्या. एकूण पंधरा महिने.

हे सगळं आम्ही शिकलो ते इंटरनेटवरून. शाळेसमोर सायबर कॅफे आहे. ज्यांना आकाश बघण्याचा नाद आहे आणि आसपास विचारायला कोणी नाही, त्यांच्यासाठी माझ्या अनुभवाचं सार सांगून ठेवतो. ज्या पानावर चांदण्या लुकलुकतात आणि संगीत वाजतं, ते लगेच बंद करावं. ज्याची मांडणी रेशनकार्डासारखी आहे, त्यावर विश्वास ठेवावा. आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलेलं पान अमेरिकेतल्या एका निवृत्त सुताराचं होतं. त्यात एकही ग्रहाचा फोटो नव्हता. काच कशी धरायची, हात कसा फिरवायचा, चूक झाली तर कुठून परत सुरू करायचं, एवढंच होतं. विश्वाबद्दल तो माणूस चकार शब्द काढत नाही.

घासून झाल्यावर आरशावर अॅल्युमिनियमचा मुलामा चढवावा लागतो. तो हवा काढून घेतलेल्या पेटीतच चढतो. नेहमीच्या ठिकाणी चौकशी केली तर तीन महिने थांबा म्हणाले, आणि आमच्याकडे तीन आठवडे होते. अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, दुर्बिणीचं उद्घाटन ठरलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या. पत्रिकेवर सात मान्यवरांची नावं होती, घासणाऱ्या मुलींचं एकही नव्हतं. मान्यवरांचं काय, ते कशाचंही उद्घाटन करतात. पण दहावीच्या मुली मार्चच्या परीक्षेनंतर शाळेतून जाणार होत्या. फेब्रुवारीत आरसा झाला नाही, तर ज्यांनी तो घासला त्या सोडून इतर सगळे त्यातून बघणार.

हौशी खगोलवाल्यांचा एक ई-मेल गट आहे. त्यावर मी अडचण लिहिली. अंबरनाथच्या साळवे नावाच्या सभासदाचं उत्तर आलं, की उल्हासनगरला बाटल्यांच्या झाकणांवर चकाकी चढवणारे कारखाने आहेत, यंत्र तेच असतं, घेऊन या. मी आरसा पेटीत घातला आणि निघालो.

अंबरनाथ पूर्व, शुक्रवार

साळव्यांशी माझा वर्षभर पत्रव्यवहार होता, आणि तो सगळा इंग्रजीत. मी त्यांना ‘रिस्पेक्टेड सर’ लिहायचो, ते मला ‘डिअर सर’. कोणाही मराठी माणसाने कोणाही मराठी माणसाला इतक्या अदबीने वागवलं नसेल. स्टेशनबाहेर चाळिशीचा, किडकिडीत, पायात सेफ्टी शूज घातलेला माणूस जवळ आला आणि म्हणाला, “पेटी पोटाशी धरून चाललाय म्हणजे तुम्हीच. चला, रिक्षा थांबवलीय.”

मिलिंद साळवे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहेत. शुक्रवार त्यांच्या सुट्टीचा. पत्नी सुजाता कल्याणला एका ऑफिसात नोकरी करतात. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी पेटी कुठे ठेवू म्हणून घुटमळत होतो, तेव्हा वहिनींनी ती माझ्या हातातून घेतली आणि बुद्धमूर्तीच्या नि बाबासाहेबांच्या फोटोच्या खालच्या कपाटावर ठेवली. म्हणाल्या, “इथे कोणी हात लावत नाही. ह्यांची मुंबईची भाचरंसुद्धा नाही.”

आमच्याकडे पाहुण्याला पहिला प्रश्न असतो, कोणाकडे आलात. इकडे असतो, कुठली गाडी मिळाली. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. ज्वारीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी म्हणजे पाहुण्यांसमोर घालायचे कपडे वाटतात, पण सुकटीबरोबर तिला तोड नाही. मी चार खाल्ल्या. वहिनींनी चौथीला विचारलं नाही, नुसती वाढली.

जेवल्यावर साळव्यांनी त्यांचा कॉम्प्युटर दाखवला. केबलवाल्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर आणून इंटरनेट दिलं होतं. वायर आत आल्यामुळे खिडकी लागत नव्हती.

“हे बघा, ढगांचं चित्र. दर अर्ध्या तासाला बदलतं,” साळवे म्हणाले. “बातम्यांमध्ये सांगतात त्यापेक्षा हे बरं. ह्याला बोलता येत नाही ना.”

मग त्यांनी आकाशाचा नकाशा काढून देणारं पान उघडलं. आपलं गाव आणि तारीख सांगितली, की त्या संध्याकाळचं आकाश छापून मिळतं. त्याच्या यादीत कल्याण होतं, अंबरनाथ नव्हतं.

“हजार वर्षांचं देऊळ आहे गावात, तरी नाही?” मी म्हणालो.

“देवळाचं काय घेऊन बसलात सर, इथून पुढे बदलापूरपण नाही. अक्षांश-रेखांश आपले आपण टाकायचे. एकदा टाकले की गाव लक्षात ठेवतं बिचारं.”

उल्हासनगर, शनिवार

साळव्यांनी रजा टाकली. शेअर रिक्षात पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस बसतो, हे मी ऐकून होतो. त्यातला एक मी होतो. अर्धं शरीर रिक्षात, अर्धं रस्त्यावर आणि पोटाशी पेटी. मागून एका बाईंनी विचारलं, “केक आहे का हो? मग तिरका नका धरू.” मी नाही म्हटलं असतं तर खरं काय ते सांगावं लागलं असतं. केक आहे म्हणालो. त्यानंतर प्रत्येक खड्ड्याला मागून सूचना येत होत्या.

उल्हासनगरात पत्ता म्हणजे आकडे. कॅम्प चार, कॅम्प पाच, मग सेक्शन, मग बरॅकचा नंबर. एका गल्लीत नुसत्या जीन्स, दुसरीत नुसतं फर्निचर. तिसरीत सोनेरी रंगाशिवाय काही नव्हतं. अत्तराच्या बाटल्यांची झाकणं, बटणं, खेळण्यातल्या गाड्यांचे बंपर, आणि भिंतीला लावून उभे केलेले बक्षिसाचे चषक. देशातला बराचसा सन्मान इथे तयार होतो, हे मला माहीत नव्हतं.

मालकांचं नाव हरेशभाई. बसा म्हणायच्या आधी त्यांनी पापड आणि पाणी पुढे केलं. आमच्याकडे गूळ-पाणी देतात. सिंधी घरात पापड-पाणी. उन्हातून आलेल्या माणसाला पापड कशाला, असं वाटतं खरं, पण तो खाल्ल्यावर पाणी जास्त प्यायलं जातं आणि माणूस लवकर उठत नाही. मागून दाल-पकवान आलं. कुरकुरीत पुरीएवढ्या मैद्याच्या चकतीवर चण्याची डाळ, वर चिंचेचं पाणी. मी मिसळीच्या गावाकडचा माणूस आहे, तरी दुसऱ्यांदा घेतलं.

“मास्टरजी, ये किसने घिसा?” हरेशभाईंनी पेटी उघडून विचारलं.

“शाळेतल्या मुलींनी.”

“मशीन पे?”

“हाताने. पंधरा महिने.”

त्यांनी काच पेटीत ठेवली आणि हात पँटला पुसले. मग आतल्या बाजूला हाक मारली, “तांबेमामा, जरा बाहर आओ. हात धुवून या.”

तांबेमामा संगमेश्वरचे, चौदा वर्षं मुलाम्याच्या पेटीवर काम करत होते. पेटी म्हणजे माणूस आत बसेल एवढा लोखंडी पिंप. आत तारेच्या वेटोळ्यांवर अॅल्युमिनियमचे तुकडे अडकवायचे, पंपाने हवा काढायची, तार तापवायची. अॅल्युमिनियमची वाफ होते आणि समोर जे असेल त्यावर बसते. आम्हाला हवं होतं ते एवढंच. पण प्लॅस्टिकला त्याच्या आधी लॅकरचा, म्हणजे वॉर्निशसारखा, थर देतात, नाहीतर चकाकी येत नाही. तो थर आमच्या काचेवर बसला असता, तर मुलींनी घासून आणलेला बाक त्याखाली गेला असता.

“बेस कोट नको,” साळवे म्हणाले. “खाली काही लावायचं नाही. काचेवर डायरेक्ट.”

“डायरेक्ट? पकड नहीं आएगी,” हरेशभाई म्हणाले.

“येते. काचेवर येते.”

“नीचे कुछ नहीं,” हरेशभाई तांबेमामांना म्हणाले. “सुना ना?”

“खाली काही नाही,” तांबेमामा म्हणाले. त्यांनी ते दोनदा म्हटलं. आमचं समाधान झालं. झाकणांचा घाणा बाहेर आल्यावर मग आमचा आरसा, म्हणून पाचला या असं सांगितलं.

मधल्या वेळात मी अंबरनाथचं देऊळ बघून आलो. दगडातल्या माणसांचे चेहरे बरेचसे झिजलेत, पण हात-पाय अजून कामात आहेत. तासभर बसलो. फलटण सोडल्यापासून पहिल्यांदा पेटी माझ्याजवळ नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

पाचला परत गेलो तर गल्लीत वीज नव्हती. तांबेमामा दारातच उभे होते, हातात स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला आरसा. त्यांनी फडकं बाजूला केलं.

आरसा सोनेरी होता. मी वाकून पाहिलं आणि सुरुवातीला सांगितलेलं ते नाक मला दिसलं.

“हे काय?” साळवे म्हणाले.

“खाली काही नाही लावलं,” तांबेमामा म्हणाले. “वरून दोन कोट मारले. स्वतःच्या हाताने.”

“वरून कशाला?”

“उघडी चांदी ठेवली तर काळी पडते हो. शाळेचं काम, मुलींनी केलेलं. लोक काय म्हणतील? म्हणून गोल्ड लॅकर मारलं.”

“पण आम्ही काही नको सांगितलं होतं.”

“खाली नको सांगितलं होतं,” हरेशभाई आतून म्हणाले. “ऊपर का किसी ने बोला ही नहीं.” आणि मग माझ्याकडे पाहून जरा हळू, “मास्टरजी, सिल्वर कौन लेता है? सिल्वर तो सेकंड प्राइज है.”

त्या माणसांवर रागावणं मला जमलं नाही. चौदा वर्षांत त्यांच्याकडे आलेली प्रत्येक वस्तू सोनं होऊन जायला आली होती. आमच्या आरशावर त्यांनी दुप्पट मेहनत घेतली होती. मी आभार मानले. माणूस फार घाबरला की सभ्य होतो.

अंबरनाथ पूर्व, शनिवार संध्याकाळ

 रिक्षात मी मनात वाक्यं जुळवत होतो. ‘मुलींनो, आरशाला एक छोटीशी अडचण आली आहे.’ पंधरा महिन्यांना छोटीशी म्हणता येत नाही. नव्याने घासायला घेतला तर या मुली परीक्षा देऊन निघून जाणार. दुसऱ्या वाक्यापुढे मी गेलोच नाही.

साळव्यांनी घरी पोचताच ई-मेल गटावर सगळं लिहिलं. पाऊण तासात तीन उत्तरं आली. ज्यांना हे गट उपयोगी पडतात का असा प्रश्न असेल, त्यांच्यासाठी तिन्ही सांगतो. पहिल्याने लिहिलं होतं की मी असतो तर लॅकर लावू दिलं नसतं. दुसऱ्याने दोन पानं लिहिली होती. सोन्याचा आरसा अवरक्त किरणांसाठी उत्तम असतो, तरी आपण त्या दिशेने विचार करावा. तिसरं उत्तर कॅनडातल्या एका निवृत्त दंतवैद्याचं होतं. त्यात दोनच ओळी होत्या. लॅकर भट्टीत भाजून पक्कं केलं आहे का विचारा. नसेल तर थिनरने निघेल, मग मुलामा अॅसिडने उतरवा, काचेला काही होत नाही. भाजलं असेल तर परत घासावं लागेल, मला वाईट वाटतं.

साळव्यांनी हरेशभाईंकडून तांबेमामांचा शेजारचा नंबर मिळवला. तांबेमामा फोनवर यायला पाच मिनिटं लागली. साळव्यांनी फोन माझ्याही कानाजवळ धरला.

“मामा, ते गोल्ड ओव्हनला टाकलं होतं का?”

 तांबेमामा म्हणाले, “तुम्ही तिथे होतात तेव्हाच सांगणार होतो, पण मालकांसमोर नाही बोललो. टाकणार होतो. साडेतीनला लाईट गेली. तुम्ही आलात तरी नव्हती.”

“म्हणजे नाही टाकलं?”

“राहून गेलं साहेब. उद्या आणा, पहिल्या घाण्याला टाकून देतो. पैसे नको.”

साळव्यांनी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. वहिनींनी विचारलं, “काय म्हणाले?” साळवे म्हणाले, “लोडशेडिंग.” महाराष्ट्रात त्या वर्षी हा शब्द बऱ्याच लोकांनी बऱ्याच प्रकारे उच्चारला असेल. इतक्या प्रेमाने फक्त साळव्यांनी.

थिनर कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात मिळालं. दोन कोट सोनं पाच मिनिटांत कापसावर आलं. आता अॅसिड हवं होतं. एमआयडीसीत पंधरा वर्षं काढलेला केमिस्ट, ज्याच्या कंपनीत अॅसिडच्या टाक्या आहेत, तो क्षणभर विचार करून उठला आणि स्वतःच्या संडासातली बाटली घेऊन आला.

“हेच असतं त्यात,” साळवे म्हणाले.

“अर्धी ठेवा,” वहिनी म्हणाल्या. “उद्या रविवार आहे.”

बाल्कनीत परातीत काच ठेवून आम्ही वरून पातळ केलेलं अॅसिड ओतलं. अॅल्युमिनियम ढगासारखं विरत गेलं आणि खाली परातीचा तळ दिसायला लागला. नळाचं पाणी, मग बॅटरीत घालतात ते पाणी. काच स्वच्छ झाली. पण स्वच्छ झाली म्हणजे बाक शाबूत आहे असं नाही. तो तपासावा लागतो. आरशासमोर बारीक उजेड ठेवायचा, परत येणाऱ्या किरणांमध्ये ब्लेडची धार सरकवायची आणि आरशावर पडणाऱ्या सावल्या बघायच्या. मोजमापं घेतली की ती एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामात घालायची. तो आरसा चांगला की वाईट ते सांगतो. हा प्रोग्राम ज्याने कोणी लिहिला आहे त्याला मी मनातल्या मनात दोनदा नमस्कार केला आहे. एकदा फलटणला, एकदा अंबरनाथला.

आठ फूट अंतर हवं होतं. टीव्हीच्या स्टुलावर आरसा ठेवला आणि ओट्यावर ब्लेड. वहिनींनी पोळ्या थांबवल्या. सावल्या फलटणला दिसल्या तशाच होत्या, डाव्या अंगाला ती मुलींनी कितीही घासली तरी न गेलेली जराशी उंचसर कडही होती. मला ती कड दिसल्यावर हसू आलं. साळव्यांनी आकडे घातले. प्रोग्रामने फलटणला दिलेलाच निकाल दिला.

“होऊ दे पोळ्या,” मी म्हणालो. आवाज जरा मोठा लागला.

वहिनी म्हणाल्या, “सर, तुम्ही बसा आधी. सकाळपासून उभे आहात असं वाटतंय.”

उल्हासनगर, पुन्हा

रविवारी कारखाना चालू होता. साळव्यांनी आणखी एक रजा टाकली. तांबेमामांनी आरसा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. त्यांचं दोन कोट सोनं कुठे गेलं ते त्यांनी विचारलं नाही. साळव्यांनी आपणहून सांगितलं, थिनरने काढलं. ते नुसते “हूं” म्हणाले. चांगलं जमलेलं काम कोणी पुसून आणलं, की मीही वर्गात असाच हूं म्हणतो.

“ह्या वेळी मी इथे उभा राहीन,” मी म्हणालो.

“राहा. वास येईल.”

हवा काढायला दीड तास लागला. पिंपाला तळहाताएवढी काचेची खिडकी होती. तांबेमामांनी मला डोळा लावायला सांगितलं आणि बटण दाबलं. आत तार लाल झाली, पिवळी झाली, मग बघवेना. आरशातून पलीकडचं लोखंड दिसत होतं. ते धूसर झालं, आणि मग दिसेनासं झालं. काचेच्या जागी एक उजेड उभा राहिला. तीस सेकंदसुद्धा लागले नसतील.

“आता?” तांबेमामांनी विचारलं.

“आता काही नाही.”

“वरून काहीच नाही?”

“वरून काहीच नाही.”

“राहणार नाही हो ते.”

“पाच-सहा वर्षं राहतं. मग परत तुमच्याकडे आणीन.”

तांबेमामा थोडे शांत झाले. हरेशभाई आरशात डोकावले, केस नीट केले आणि म्हणाले, “अच्छा है. लेकिन मास्टरजी, सोने में बात अलग थी.”

खरवई, रविवार संध्याकाळ

अंबरनाथला कारखान्यांच्या दिव्यांमुळे आकाश तांबूस दिसतं, म्हणून साळव्यांची दुर्बीण बदलापूरच्या कडेला खरवईत, भोईर नावाच्या मित्राच्या गच्चीवर असते. भोईरांची भातशेती होती, त्यातल्या बऱ्याच भागावर आता इमारती आहेत. त्यांची गाय एका सोसायटीच्या पाटीखाली बांधलेली होती. साळव्यांच्या दुर्बिणीचा आरसाही आठ इंचीच, तो काढून आम्ही आमचा बसवला.

सातच्या सुमाराला अर्धा चंद्र डोक्यावर होता. मी डोळा लावला, भिंग दोन बोटं मागे घेतलं आणि चंद्रावरचे खड्डे एकदम धारदार झाले. एवढंच. मी बाजूला झालो. साळव्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “सर, हा माझ्यापेक्षा चांगला आहे.” त्यांचा आरसा परदेशातून मागवलेला आहे. हे वाक्य मी फलटणला जसंच्या तसं नेलं.

मग पूर्वेला, नव्या इमारतींच्या वर, शनी आला. कडं स्वच्छ वेगळं दिसत होतं. भोईरांनी बराच वेळ पाहिलं.

“साळवेभाऊ, ह्यं चित्र आतमदी कुठं लावलंय?”

“चित्र नाही. खरा आहे.”

“खरा मंजे?”

भोईरांनी नळीच्या पुढच्या तोंडापाशी जाऊन आत डोकावून पाहिलं. मग परत भिंगाला डोळा लावून नळीला बोटाने हळूच ढकललं. “गेला,” ते म्हणाले. मग उलट बाजूने ढकललं. “आला.” असं तीनदा केलं. मग बायकोला हाक मारली, “वर ये गो, शनी हाय. चित्र नाय, मी बगितलाय.”

तेवीस वर्षांच्या नोकरीत प्रयोगाची इतकी नेमकी रीत मी वर्गात कोणाकडून करून घेतलेली नाही.

भोईरवहिनी आल्या, पाहिलं आणि म्हणाल्या, “ह्याच्यापायी आमच्या भावाचं लगीन दोन वर्सं आडलंय. येवढासा तर हाय.” त्यांनी आम्हाला चहा दिला आणि येताना पावटे बांधून दिले. पेटी पोटाशी आणि पावटे पेटीवर, असा मी परतलो.

फलटण

सोमवारी मुलींना सगळं सांगितलं, सोन्यासकट. एकीने विचारलं, “सर, सोनेरी असताना फोटो काढला का?” काढला नव्हता. त्या मला अजून तेवढं एक बोलून दाखवतात.

दुर्बीण जोडून झाली तेव्हा फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उलटला होता. उद्घाटनाआधी दुर्बिणीला हात लावू नये, असा संस्थेचा निरोप आला. आम्ही तपासणी या सदराखाली, पालकांची परवानगी घेऊन, दहावीच्या एकोणतीस मुलींना शाळेच्या गच्चीवर बोलावलं. एकोणतीस जणींनी आपण घासलेल्या काचेतून शनी पाहिला. कोणी काही मोठं बोललं नाही. दोघी-तिघी परत रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. मी घरी गेलो आणि पंधरा महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपलो.

अठ्ठावीस फेब्रुवारीला सातही मान्यवर आले. प्रत्येकाने विश्वाच्या अथांगतेबद्दल विचार मांडले आणि दुर्बिणीतून बघण्याचा मान अध्यक्षांना दिला. साळव्यांनी ढगांचं ताजं चित्र ई-मेलने पाठवलं होतं, आकाश महाराष्ट्रभर स्वच्छ होतं. चंद्रही नव्हता. त्या रात्री फलटणवरून आकाश जेवढं छान दिसलं असतं, तेवढं वर्षातून क्वचित दिसतं.

उद्घाटन सकाळी साडेअकराला झालं.